हवामान बदल : जबाबदारी कोणाची, हेतू कोणता?

जागतिक हवामान परिषदांमध्ये गेली तीन दशके एकच वाद निरनिराळ्या स्वरूपात उपस्थित होत आला आहे. वातावरणात साचलेल्या हरितगृह वायूंची जबाबदारी कोणत्या राष्ट्राने किती स्वीकारावी, आणि जी राष्ट्रे कृतीचे आश्वासन देतात ती नेमक्या कोणत्या हेतूने देतात, हा तो वाद होय. २०२४ या वर्षाचे सरासरी जागतिक तापमान औद्योगिकीकरणपूर्व काळाच्या तुलनेत दीड अंश सेल्सिअसहून अधिक राहिल्याचे जागतिक हवामानशास्त्र संघटनेने जाहीर केल्यानंतर या वादाला नवी निकड प्राप्त झाली आहे. अमेरिका, युरोपीय संघ, चीन, रशिया, जपान आणि भारत या प्रमुख उत्सर्जकांच्या जबाबदारीचा व हेतूंचा हा तुलनात्मक आढावा.

मापदंड बदलला की क्रम बदलतो

एखाद्या राष्ट्राची जबाबदारी किती, या प्रश्नाचे उत्तर कोणते मोजमाप वापरले जाते यावर अवलंबून असते. प्रचलित मोजमापे चार आहेत.

पहिले मोजमाप वार्षिक उत्सर्जनाचे. कोळसा, तेल, वायू आणि सिमेंटनिर्मितीतून जगभरात दरवर्षी सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. त्यात अलीकडच्या वर्षांत चीनचा वाटा सुमारे ३२ टक्के, अमेरिकेचा १३, भारताचा ८, युरोपीय संघाचा ७ आणि रशियाचा ५ टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. या यादीत भारत तिसऱ्या क्रमांकावर येतो.

दुसरे मोजमाप दरडोई उत्सर्जनाचे. अमेरिकेतील नागरिकामागे वर्षाला सुमारे १४ टन, चीनमध्ये ८ टनांहून अधिक, युरोपीय संघात साडेपाच टनांच्या आसपास, तर भारतात सुमारे २ टन उत्सर्जन होते. जागतिक सरासरी पावणेपाच टनांच्या जवळपास आहे. एकूण उत्सर्जनात तिसरा असलेला भारत या मोजमापानुसार जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही खाली राहतो.

तिसरे मोजमाप संचित, म्हणजे औद्योगिक क्रांतीपासून आजवर झालेल्या एकूण उत्सर्जनाचे. कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शतकानुशतके वातावरणात टिकून राहत असल्याने शास्त्रीयदृष्ट्या हे मोजमाप महत्त्वाचे ठरते. जीवाश्म इंधनांच्या आजवरच्या उत्सर्जनात अमेरिकेचा वाटा सुमारे एक-चतुर्थांश आहे. युरोपीय संघातील २७ देशांचा मिळून वाटा १७ टक्क्यांच्या, चीनचा १५ टक्क्यांच्या, तर भारताचा साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे.

चौथे मोजमाप उपभोगाचे. एखादी वस्तू चीनमध्ये तयार होऊन युरोपात वापरली गेली, तर तिच्या निर्मितीतील उत्सर्जन कोणाच्या खात्यावर मांडावे, हा प्रश्न त्यातून उद्भवतो. या हिशेबाने चीन व भारत यांचा भार काहीसा हलका होतो, तर अमेरिका व युरोपचा वाढतो.

वाटाघाटींच्या मेजावर प्रत्येक राष्ट्र स्वतःला सोयीचे मोजमाप पुढे करते. अमेरिका वार्षिक उत्सर्जनाकडे बोट दाखवते, भारत दरडोई व संचित उत्सर्जनाचा दाखला देतो, चीन निर्यातीचा आणि इतिहासाचा आधार घेतो, तर युरोप १९९० पासून साधलेली घट पुढे मांडतो. यातील एकही आकडेवारी खोटी नाही, मात्र एकही पूर्णही नाही.

उर्वरित कार्बनचा हिशेब

हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या, अर्थात आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार १८५० ते २०१९ या काळात मानवी व्यवहारांतून सुमारे २,४०० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड उत्सर्जित झाला. तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याची निम्मी शक्यता राखायची असेल, तर २०२० च्या आरंभापासून पुढे केवळ ५०० अब्ज टनांची मुभा उरली होती. म्हणजेच एकूण शिधेचा चार-पंचमांशाहून अधिक भाग तोवर संपला होता. जंगलतोडीसह वार्षिक उत्सर्जन ४० अब्ज टनांच्या घरात असल्याने उरलेला भागही त्यानंतर झपाट्याने घटला आहे.

याच अहवालातील आणखी एक नोंद विशेष लक्षणीय आहे. या १७० वर्षांतील एकूण उत्सर्जनापैकी सुमारे ४२ टक्के उत्सर्जन १९९० ते २०१९ या तीस वर्षांत झाले. आयपीसीसीचा पहिला अहवाल १९९० मध्येच प्रसिद्ध झाला होता. त्यामुळे ‘दुष्परिणामांची कल्पना नव्हती’ हा युक्तिवाद एकोणिसाव्या शतकातील कारखानदारांसाठी मान्य केला, तरी नंतरच्या उत्सर्जनाला तो लागू पडत नाही. हा मुद्दा जुन्या औद्योगिक राष्ट्रांना जसा लागू आहे, तसाच ज्याची बहुतांश वाढ १९९० नंतरची आहे त्या चीनलाही लागू आहे.

तत्त्वाची जडणघडण

स्टॉकहोम येथे १९७२ मध्ये झालेल्या मानवी पर्यावरणविषयक परिषदेत तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दारिद्र्यनिर्मूलन आणि पर्यावरणरक्षण यांचा परस्परसंबंध अधोरेखित केला होता. यजमान स्वीडनचे पंतप्रधान वगळता त्या परिषदेस उपस्थित राहिलेल्या त्या एकमेव सरकारप्रमुख होत्या. पुढे १९९१ मध्ये दिल्लीतील विज्ञान आणि पर्यावरण केंद्राचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी एका प्रबंधिकेद्वारे असे प्रतिपादन केले की, गरिबाच्या भातशेतीतील व जनावरांपासूनचे उत्सर्जन आणि श्रीमंताच्या मोटारीचे उत्सर्जन एकाच मापाने मोजणे अन्यायकारक आहे. जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन यांतील हा भेद पुढे विकसनशील राष्ट्रांच्या भूमिकेचा पाया ठरला.

रिओ द जानेरो येथील १९९२ च्या वसुंधरा परिषदेत स्वाक्षरीसाठी खुल्या झालेल्या हवामान बदल आराखडा कराराने ‘समान परंतु भिन्न जबाबदाऱ्या आणि संबंधित क्षमता’ हे तत्त्व स्वीकारले. त्याचा सोपा अर्थ असा, की वसुंधरेचे रक्षण हे सर्वांचेच कर्तव्य आहे, परंतु ज्याने अधिक उत्सर्जन केले आणि ज्याची ऐपत अधिक, त्याने आधी व अधिक भार उचलावा. १९९७ मध्ये ब्राझीलने प्रत्येक राष्ट्राने तापमानवाढीत घातलेली भर मोजून त्या प्रमाणात जबाबदारी वाटून द्यावी, असा प्रस्ताव मांडला. तो स्वीकारला गेला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मंजूर झालेल्या क्योटो करारात औद्योगिक राष्ट्रांनी २००८ ते २०१२ या काळात १९९० च्या तुलनेत सरासरी ५.२ टक्के कपात करावी, असे ठरले. विकसनशील राष्ट्रांवर कपातीचे बंधन घालण्यात आले नाही.

अमेरिका : जबाबदारी सर्वाधिक, धोरण सर्वांत अस्थिर

क्योटो करार मंजूर होण्यापूर्वीच, जुलै १९९७ मध्ये, अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी एक ठराव संमत केला होता. विकसनशील राष्ट्रांवरही त्याच कालावधीत बंधने येणार नसतील, अथवा अमेरिकी अर्थव्यवस्थेला गंभीर हानी पोहोचणार असेल, तर अशा करारावर अमेरिकेने स्वाक्षरी करू नये, असा त्याचा आशय होता. त्यामुळे १९९८ मध्ये स्वाक्षरी होऊनही करारास सिनेटची संमती मिळाली नाही. मार्च २००१ मध्ये अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या प्रशासनाने, चीन व भारत यांना सूट असल्याचे कारण पुढे करीत, करार फेटाळला.

पुढील काळात हीच दोलायमानता कायम राहिली. पॅरिस करारात अमेरिकेने पुढाकार घेतला, नोव्हेंबर २०२० मध्ये ती त्यातून बाहेर पडली, फेब्रुवारी २०२१ मध्ये परतली आणि २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी पुन्हा बाहेर पडण्याच्या आदेशावर स्वाक्षरी केली. ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने स्वच्छ ऊर्जेसाठी जाहीर केलेल्या सवलतींपैकी अनेक सवलती जुलै २०२५ च्या कायद्याने मागे घेण्यात आल्या.

उल्लेखनीय बाब म्हणजे, अमेरिकेचे उत्सर्जन २००७ नंतर लक्षणीयरीत्या घटले आहे. त्यामागील एक प्रमुख कारण हवामानाची चिंता हे नसून शेल खडकांतून काढलेला स्वस्त नैसर्गिक वायू हे आहे. या वायूने वीजनिर्मितीतील कोळशाची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. हेतू बाजारपेठेचा होता, परंतु परिणाम उत्सर्जनात दिसला. मात्र त्याच शेल उद्योगाने अमेरिकेला जगातील सर्वांत मोठा तेल व वायू उत्पादक बनवले आणि जीवाश्म इंधनांशी निगडित हितसंबंधही दृढ केले.

युरोपीय संघ : नेतृत्व आणि स्वहित

युरोपीय संघाने २००५ मध्ये उत्सर्जन व्यापार योजना सुरू केली. आरंभी परवाने गरजेपेक्षा जास्त वाटले गेल्याने २००७ मध्ये त्यांची किंमत जवळजवळ शून्यावर आली. तथापि नियमांत सुधारणा होत गेली आणि १९९० च्या तुलनेत संघाचे उत्सर्जन एक-तृतीयांशाहून अधिक घटले. २०२१ च्या हवामान कायद्यानुसार २०३० पर्यंत किमान ५५ टक्के निव्वळ कपात आणि २०५० पर्यंत हवामान-तटस्थता ही उद्दिष्टे बंधनकारक झाली.

या यशाला दोन पदर आहेत. १९९० हे आधारवर्ष युरोपच्या पथ्यावर पडले. जर्मनीच्या एकीकरणानंतर पूर्वेकडील जुनाट कारखाने बंद पडले आणि ब्रिटनमध्ये, जो २०२० पर्यंत संघाच्या व्यवस्थेत होता, कोळशाची जागा उत्तर समुद्रातील वायूने घेतली. यातील बरीचशी घट हवामान धोरणाविनाही झाली असती. दुसरा पदर इंधन सुरक्षेचा. युरोप आयात तेल व वायूवर अवलंबून आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर पवन व सौर ऊर्जेचा विस्तार हा पर्यावरणाइतकाच संरक्षणाचा विषय बनला.

भारताच्या दृष्टीने महत्त्वाची ठरणारी बाब म्हणजे कार्बन सीमा समायोजन यंत्रणा. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते आदी आयात वस्तूंच्या निर्मितीतील उत्सर्जनावर आकार लावणाऱ्या या यंत्रणेचा नोंदणीचा टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये, तर प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा १ जानेवारी २०२६ रोजी सुरू झाला. युरोपच्या मते कठोर नियम नसलेल्या देशांत कारखाने स्थलांतरित होऊ नयेत, यासाठी ती आवश्यक आहे. भारतासह अनेक विकसनशील राष्ट्रांनी मात्र हवामानाच्या नावाखाली उभारलेला व्यापारी अडसर, अशी तिची संभावना केली आहे.

चीन : कारखाना आणि दवाखाना

चीनने डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश केला आणि त्यानंतरच्या अवघ्या पाच-सहा वर्षांत वार्षिक उत्सर्जनात अमेरिकेला मागे टाकले. जगातील निम्म्याहून अधिक कोळसा आज एकट्या चीनमध्ये जाळला जातो. त्याच वेळी सौर पॅनेलच्या निर्मितीच्या प्रत्येक टप्प्यात जागतिक क्षमतेचा ८० टक्क्यांहून अधिक वाटा चीनकडे आहे. रोग वाढवणारा आणि औषध पुरवणारा एकच, अशी ही विलक्षण स्थिती आहे.

चीनच्या कृतीमागील हेतू तीन प्रकारचे दिसतात. पहिला देशांतर्गत असंतोषाचा. जानेवारी २०१३ मध्ये बीजिंगवर पसरलेल्या विषारी धुरक्यानंतर सरकारने त्याच वर्षी वायुप्रदूषण नियंत्रणाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. दुसरा हेतू आयात तेलावरील अवलंबित्व कमी करण्याचा, आणि तिसरा भावी उद्योगांवर वर्चस्व मिळवण्याचा. २०१५ च्या औद्योगिक धोरणात विद्युत वाहनांचा समावेश अग्रक्रमाने होता आणि २०२४ पर्यंत चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ निम्म्या विद्युत किंवा संमिश्र प्रकारच्या होत्या.

सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांनी २०६० पूर्वी कार्बन-तटस्थतेचे उद्दिष्ट जाहीर केले. सप्टेंबर २०२५ मध्ये २०३५ पर्यंत सर्वोच्च पातळीपेक्षा ७ ते १० टक्के कपात करण्याची घोषणा झाली. मात्र आर्थिक साहाय्याच्या प्रश्नावर चीन स्वतःला विकसनशील राष्ट्रच मानतो आणि देणग्या बंधनकारक नव्हे तर ऐच्छिक असाव्यात, असा आग्रह धरतो. १९९२ च्या वर्गवारीत ही भूमिका बसते, परंतु दरडोई उत्सर्जनात युरोपला मागे टाकलेल्या राष्ट्राने तिचा आधार किती काळ घ्यावा, हा प्रश्न आता छोटी विकसनशील राष्ट्रेही विचारू लागली आहेत.

रशिया आणि जपान

क्योटो करार अमलात येण्यासाठी १९९० मधील औद्योगिक राष्ट्रांच्या उत्सर्जनापैकी किमान ५५ टक्के वाटा असलेल्या देशांचे अनुमोदन आवश्यक होते. अमेरिका बाहेर पडल्याने रशियाचे मत निर्णायक ठरले. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर रशियाचे उद्योग कोसळले होते. त्यामुळे कोणतीही कपात न करताच त्याचे उद्दिष्ट साध्य झालेले होते. रशियाने २००४ च्या अखेरीस अनुमोदन दिले आणि १६ फेब्रुवारी २००५ पासून करार लागू झाला. जागतिक व्यापार संघटनेतील प्रवेशास युरोपीय संघाने दिलेला पाठिंबा या निर्णयामागे असल्याचे तेव्हा सर्वत्र मानले गेले. तेल व वायूच्या निर्यातीवर अर्थव्यवस्था उभी असलेल्या रशियाला वेगवान ऊर्जा परिवर्तनात फारसा लाभ दिसत नाही.

जपान हा क्योटो परिषदेचा यजमान असूनही त्याने कराराच्या दुसऱ्या टप्प्यातील उद्दिष्ट स्वीकारण्यास नकार दिला. मार्च २०११ मधील फुकुशिमा दुर्घटनेनंतर अणुभट्ट्या बंद झाल्याने कोळसा व आयात वायूचा वापर वाढला आणि अडचणीत भर पडली. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानने २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. नैसर्गिक इंधनाचे साठे नसलेल्या या देशासाठी ऊर्जाबचत ही पर्यावरणनिष्ठेआधी अपरिहार्यता राहिली आहे.

भारत : न्याय्य मागणी आणि स्वतःची निकड

भारताने जून २००८ मध्ये आठ अभियानांचा समावेश असलेली राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली. २०१५ मध्ये पॅरिस येथे फ्रान्सच्या सहकार्याने आंतरराष्ट्रीय सौर आघाडीची स्थापना केली. तिचे मुख्यालय गुरुग्राम येथे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये अद्ययावत केलेल्या उद्दिष्टांनुसार २०३० पर्यंत सकल उत्पादनाच्या प्रत्येक एककामागील उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्के घटवणे आणि स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर नेणे अपेक्षित होते. यापैकी दुसरे उद्दिष्ट २०२५ च्या मध्यास, म्हणजे पाच वर्षे आधीच साध्य झाले. निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० ही मुदत ठरवण्यात आली आहे.

तथापि क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत अंतर आहे. देशात तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशापासूनच मिळते. २०२२ पर्यंत १ लाख मेगावॉट सौर क्षमतेचे उद्दिष्ट जानेवारी २०२५ मध्ये गाठले गेले. कोळशावर २०१० मध्ये प्रतिटन ५० रुपये लावलेला स्वच्छ ऊर्जा उपकर २०१६ पर्यंत ४०० रुपयांवर गेला. परंतु २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर लागू झाल्यावर त्याची जागा राज्यांच्या भरपाईसाठीच्या उपकराने घेतली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे भारताच्या आग्रहावरून कोळशाचा वापर टप्प्याटप्प्याने ‘थांबवण्या’ऐवजी ‘कमी करण्याचा’ शब्दप्रयोग अंतिम मसुद्यात आला. कोळशावर उपजीविका असलेल्या राज्यांचा विचार करता ही भूमिका समजण्याजोगी असली, तरी बेटस्वरूप राष्ट्रांनी तिच्याबद्दल तीव्र खेद व्यक्त केला.

भारताचे हेतूही संमिश्र आहेत. खनिज तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करावे लागत असल्याने परकीय चलनाची बचत हा मोठा हेतू आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या कार्यक्रमात उत्सर्जनकपातीइतकाच आयातबचतीचा आणि महाराष्ट्र, उत्तर प्रदेशातील ऊस उत्पादक व साखर कारखान्यांच्या हिताचा विचार आहे. याखेरीज मान्सूनवर अवलंबून असलेली शेती, हिमालयातील हिमनद्या आणि साडेसात हजार किलोमीटरहून अधिक लांबीचा सागरकिनारा यांमुळे तापमानवाढीचा फटका भारतालाच मोठ्या प्रमाणावर बसणार आहे. इतिहासातील जबाबदारी अल्प असल्याने हा धोका कमी होत नाही.

पैशाचा प्रश्न

जबाबदारीची खरी कसोटी निधीच्या वेळी लागते. २००९ मध्ये कोपनहेगन येथे विकसित राष्ट्रांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभारण्याचे आश्वासन दिले. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या आकडेवारीनुसार ते प्रथम २०२२ मध्ये पूर्ण झाले, तेही मोठ्या प्रमाणावर कर्जरूपाने. २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे नवे उद्दिष्ट ठरले. विकसनशील राष्ट्रांची मागणी १,३०० अब्ज डॉलरची होती. भारताने हा निर्णय अपुरा असल्याचे सांगत त्यास जाहीर आक्षेप घेतला. हानी व नुकसान भरपाईसाठीच्या निधीचा निर्णय २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथे झाला आणि पुढील वर्षी दुबईत तो कार्यान्वित झाला. मात्र भरपाई ही कायदेशीर दायित्व मानू नये, याची काळजी श्रीमंत राष्ट्रांनी घेतली. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वानुआतूच्या पुढाकाराने मागितलेल्या सल्लागार मतात, हवामानरक्षणाच्या कर्तव्याचा भंग झाल्यास राष्ट्रांवर कायदेशीर उत्तरदायित्व येऊ शकते, असे नमूद केले. हे मत बंधनकारक नसले तरी भावी वाटाघाटींवर त्याचा प्रभाव राहील.

हेतू शुद्ध असलाच पाहिजे काय?

ओझोन थराच्या रक्षणासाठी १९८७ मध्ये झालेला मॉन्ट्रियल करार यशस्वी ठरला, कारण घातक रसायनांना पर्याय उपलब्ध होत होते, विकसनशील राष्ट्रांना वाढीव मुदत मिळाली आणि बदलाचा खर्च भागवण्यासाठी बहुपक्षीय निधी उभा राहिला. तेथे उद्योगांचे हित आणि राष्ट्रांचे कर्तव्य एका दिशेने वळवता आले.

प्रमुख राष्ट्रांच्या आजवरच्या वाटचालीतून हेच दिसते, की केवळ परोपकाराच्या भावनेतून कोणीही मोठी कपात केलेली नाही. इंधन सुरक्षा, शुद्ध हवा, रोजगार आणि बाजारपेठ या हेतूंनीच धोरणे पुढे नेली. हेतू स्वार्थाचा असला तरी उत्सर्जन घटल्यास वातावरणाला फरक पडत नाही. मात्र स्वहिताची एक मर्यादा आहे. ज्या ठिकाणी नफा नाही, त्या ठिकाणी स्वहित पोहोचत नाही. बुडणाऱ्या बेटावरील कुटुंबाचे पुनर्वसन, दुष्काळग्रस्त शेतकऱ्याला भरपाई, कोळसा खाणीतील कामगाराला पर्यायी रोजगार यांतून कोणत्याही राष्ट्राला बाजारपेठ मिळत नाही. तेथे केवळ जबाबदारीचेच तत्त्व उपयोगी पडते. म्हणूनच १९९२ मध्ये मान्य झालेले ते तत्त्व जुने झाल्याचे सांगणाऱ्या राष्ट्रांना, त्याच्या जागी कोणती न्याय्य व्यवस्था आणणार, याचे उत्तर द्यावे लागेल. आणि त्या तत्त्वाचा आधार घेणाऱ्या भारत व चीनसारख्या राष्ट्रांना, ‘भिन्न’ या शब्दाबरोबरच ‘समान’ हा शब्दही त्यात आहे, याचे भान ठेवावे लागेल.